टर्मिनलमध्ये 'आर' दाबल्यावर मेलचं काय होतं

मेलला उत्तर द्यायचं म्हणजे 'रिप्लाय' दाबायचं, लिहायचं, 'सेंड' करायचं. ब्राउझरमध्ये एवढंच दिसतं आणि बहुतेकांचं तेवढ्यावर भागतंही. पण त्या एका बटणामागे प्रोग्रॅम आपल्या वतीने बरंच काही ठरवून टाकतो. उत्तर नेमकं कुणाला जाणार, ते कुठल्या मेलला जोडलं जाणार, समोरच्याचा किती मजकूर खाली चिकटणार, आपला कुठला पत्ता वर दिसणार, हे सगळं आपल्याला न विचारता ठरतं. कमांड लाइनवरचा, म्हणजे टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर नुसत्या टाइप केलेल्या आज्ञांनी चालणारा मेल प्रोग्रॅम यातलं बरंचसं आपल्यालाच विचारतो. नवख्याला ही कटकट वाटते. पण 'उत्तर' नावाची गोष्ट आतून कशी असते हे समजून घ्यायला याच्यासारखी सोय नाही.

आता कुणी म्हणेल, काळ्या पडद्यावर मेल वाचतं कोण? नाशिकपुरतं सांगतो. पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये, सातपूर-अंबडच्या कारखान्यांमध्ये ऑफिसच्या कोपऱ्यात एखादा लिनक्स सर्व्हर चालू असतो. कोल्ड स्टोरेजच्या तापमानाची नोंद, रोजचा बॅकअप, बिलिंग अशी कामं त्याच्यावर. त्याला ना मॉनिटर असतो ना माऊस. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरून सुरक्षित जोडणी करून, आत शिरायचं आणि दिसेल ते वाचायचं. ऐन हंगामात पॅकहाउसच्या पत्र्याखाली मोबाइलला रेंजची एखादीच काडी असते, तेव्हा ब्राउझरमधलं मेलचं पान गोल गोल फिरत राहतं. टर्मिनलमध्ये मात्र फक्त अक्षरं ये-जा करतात, त्यामुळे तेवढ्या रेंजवरही काम होतं. शिवाय ओपन सोर्स प्रकल्पांत हात घालू पाहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना साधा मजकूर असलेला मेल लिहिता यावाच लागतो. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, त्याच्या मेल याद्या (सगळ्या सभासदांना एकदम मेल पोचवणारे गट) तर एचटीएमएल मेल, म्हणजे रंग-फॉन्टची सजावट असलेला मेल, सरळ नाकारतात.

या प्रोग्रॅमांमध्ये दोन घराणी महत्त्वाची. एक जुनं, 'मेल' किंवा 'मेलएक्स' या नावाचं. 1971मध्ये रे टॉमलिन्सन यांनी @ हे चिन्ह वापरून एका संगणकावरून दुसऱ्यावर मेल पाठवला, त्याच सुमारास युनिक्सवर, म्हणजे लिनक्सच्या पूर्वज प्रणालीवर, 'मेल' ही कमांड आलेली होती. 1978मध्ये बर्कली विद्यापीठात कर्ट शून्स यांनी तिला आजचं रूप दिलं. दुसरं घराणं 'मट'चं. मायकेल एल्किन्स यांनी 1995मध्ये ते सुरू केलं आणि त्याच्या बोधवाक्याचा आशय असा की सगळेच मेल प्रोग्रॅम भिकार असतात, हा जरा कमी भिकार आहे. इतका प्रामाणिक जाहिरातदार विरळाच. शिकायला मटच घ्या. मेलएक्सबद्दल पुढे थोडंसं सांगतो, कारण सर्व्हरवर बऱ्याचदा तेवढंच हाताशी असतं.

मट उघडलं की मेलची यादी दिसते. बाणाने हव्या त्या मेलवर जायचं आणि इंग्रजी छोटा 'आर' दाबायचा. हाच पहिला खड्डा. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिला असेल तर त्या बटणातून 'आर' जातच नाही, दीर्घ वेलांटी जाते. मट खालच्या ओळीत सांगतं की या बटणाला काही काम नेमलेलं नाही, आणि आपण स्क्रीनकडे बघत बसतो. आज्ञा इंग्रजी कीबोर्डवर, मजकूर मराठी कीबोर्डवर, ही अदलाबदल हाताला बसायला थोडा वेळ लागतो.

'आर' नीट पोहोचला की खालच्या ओळीत 'टू' येतं, पुढे पत्ता भरलेला. एंटर. मग 'सब्जेक्ट' येतं, जुन्या विषयाआधी 'आरई' आणि विसर्गचिन्ह लावून. पुन्हा एंटर. मग प्रश्न: मूळ मेलचा मजकूर उत्तरात घ्यायचा का? 'वाय' दाबलं की एडिटर उघडतो, नॅनो किंवा व्हीआय, जो सेट असेल तो. लिहायचं, सेव्ह करायचं, एडिटर बंद करायचा. लगेच मेल जात नाही. एक आढावा-पडदा येतो, त्यात कुणाला, प्रत कुणाला, विषय काय, जोडपत्रं कोणती हे सगळं पुन्हा दिसतं. तिथे 'वाय' दाबलं तरच मेल सुटतो. आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे एडिटरमध्ये काहीच न बदलता बाहेर पडलात तर मट समजून जातं की तुमचा विचार बदलला, आणि उत्तर रद्द करतं. रिकामं उत्तर चुकून जाण्याची भीती त्यामुळे राहत नाही.

पाठवायचं नसेल तर आढावा-पडद्यावर 'क्यू' दाबा. मसुदा ठेवायचा का, असं तो विचारतो. ठेवलेला मसुदा यादीतून मोठा 'आर' दाबून परत उघडता येतो. रेंज जाणं नेहमीचं असेल तर मट 'टीमक्स'च्या आत चालवा, हा प्रोग्रॅम सर्व्हरवरचं चालू काम धरून ठेवतो. कनेक्शन तुटलं तरी अर्धवट पत्र तिकडे तसंच उघडं राहतं.

संदर्भ क्रमांक

आता खरी गंमत. जिल्हा परिषदेचं किंवा तहसील कार्यालयाचं कुठलंही पत्र काढून बघा. वर जावक क्रमांक असतो, मग 'विषय', आणि त्याखाली 'संदर्भ : आपले पत्र जा.क्र. अमुक, दिनांक तमुक'. फाइल लावणारा कारकून विषय वाचत नाही, संदर्भ बघतो आणि पत्र योग्य फाइलीत लावतो. ईमेलमध्येही अगदी हेच चालतं, फक्त ते वाचकाला दाखवत नाहीत.

प्रत्येक मेल निघताना त्याला एक ओळख-क्रमांक मिळतो, 'मेसेज-आयडी'. कोनी कंसात लिहिलेली, मध्ये @ असलेली ती लांबलचक अक्षरमाळ जगात दुसऱ्या कुठल्याही मेलला नसावी अशी अपेक्षा असते. आपण उत्तर दिलं की आपल्या मेलला स्वतःचा नवा क्रमांक मिळतो, आणि त्यासोबत दोन ओळी जोडल्या जातात. 'इन-रिप्लाय-टू'मध्ये ज्या मेलला उत्तर दिलं त्याचा क्रमांक, आणि 'रेफरन्सेस'मध्ये त्या मेलच्या आधीच्या सगळ्या पूर्वजांचे आणि शेवटी त्याचा स्वतःचा क्रमांक ओळीने. मधला एखादा मेल आपल्याकडे नसला तरी साखळी जुळते, कारण आजोबा-पणजोबांचेही क्रमांक तिथे लिहिलेले असतात. हे काल-परवाचं नाही. 1982च्या मेल-मानकातही ही तिन्ही नावं आहेत. सध्याचं मानक 2008चं आहे.

मटमध्ये मेल उघडून 'एच' दाबा, सगळे लपलेले हेडर, म्हणजे मजकुराच्या वरच्या अशा नोंदी, समोर येतील. एखाद्या जुन्या, पंधरा-वीस उत्तरांच्या मेलवर हे एकदा करून बघाच. 'रेफरन्सेस'ची ओळ पडदा भरून खाली वाहते.

हे कळलं की रोजची एक सवय डोळ्यांत खुपायला लागते. बरेच जण उत्तर द्यायचं म्हणून नवा मेल उघडतात, पत्ता टाकतात आणि विषयात हाताने 'आरई' लिहितात. दिसायला ते उत्तर असतं, पण संदर्भ क्रमांक कोरा. विषय तंतोतंत जुळला तर समोरच्याचं मट अंदाजाने तो साखळीत बसवतं, विषयात जरा फरक पडला की तो मेल वेगळाच कुठेतरी पडतो. सर्व्हरवरच्या स्क्रिप्टमधून 'मेल' कमांडला विषय देऊन पाठवलेल्या 'उत्तरां'चंही तेच. उलटी सवयही तितकीच वाईट. पत्ता शोधायचा कंटाळा म्हणून कुठलाही जुना मेल उघडायचा, 'रिप्लाय' करायचं, विषय बदलायचा आणि भलतंच काम लिहायचं. विषय नवा, पण संदर्भ जुनाच. खोक्यांच्या चौकशीचा मेल मग मागच्या हंगामातल्या रेसिड्यू रिपोर्टखाली (फळातल्या औषधांच्या अंशांचा अहवाल) जाऊन लटकतो. जीमेलसारख्या सेवा विषयही बघतात, म्हणून तिथे हे झाकलं जातं. मटमध्ये उघडं पडतं. त्यावर उपाय आहे: '#' दाबलं की चुकीच्या जागी लटकलेला मेल साखळीतून सुटतो. सुटून भरकटलेल्या मेलवर खूण करून '&' दाबलं की तो पाहिजे त्या मेलखाली जोडता येतो. यादी अशी साखळीनुसार बघायची तर 'ओ' आणि मग 'टी'.

विषयातल्या 'आरई'वरून आठवलं. द्राक्षं युरोपात जातात, त्यामुळे जर्मन ग्राहकांच्या उत्तरांवर 'एडब्ल्यू' असं लागून येतं, त्यांच्या भाषेतल्या 'उत्तर'चं ते लघुरूप. मट ते ओळखतं आणि 'आरई एडब्ल्यू आरई एडब्ल्यू' अशी आगगाडी होऊ देत नाही.

कुणाला

'आर' म्हणजे फक्त लिहिणाऱ्याला. 'जी' म्हणजे सगळ्यांना. 'जी' दाबल्यावर लिहिणारा 'टू'मध्ये जातो आणि मूळ मेलमधली बाकीची मंडळी 'सीसी'त. दोन बटणं वेगळी असल्याने हात आपोआप 'सगळ्यांना'वर जात नाही, हे मला फार बरं वाटतं.

पण मेलएक्समध्ये आलात की सावध. पॉझिक्स या युनिक्स-घराण्याच्या सामाईक मानकानुसार तिथे छोटा 'आर' सगळ्यांना उत्तर देतो आणि मोठा 'आर' फक्त लिहिणाऱ्याला. म्हणजे मटची सवय घेऊन मेलएक्समध्ये गेलेला माणूस एकाला म्हणून लिहितो आणि ते सगळ्या ऑफिसला जातं. त्यात 'फ्लिपआर' नावाची एक सेटिंग आहे, ती लावली की दोघांचे अर्थ उलटतात. म्हणून परक्या सर्व्हरवर नियम पाठ असण्यापेक्षा वर उमटणारी 'टू'ची ओळ वाचणं जास्त भरवशाचं.

काही मेलमध्ये 'रिप्लाय-टू' हा वेगळा पत्ता दिलेला असतो. पाठवणारा एक, उत्तर मात्र दुसरीकडे हवं. ब्राउझर गपचूप त्या पत्त्यावर पाठवून देतो. मट आधी तो पत्ता दाखवून विचारतं, इथे पाठवू का? फसव्या मेलमध्ये ही युक्ती सर्रास असते. वर नाव ओळखीच्या पुरवठादाराचं आणि 'रिप्लाय-टू' कुठल्यातरी फुकट मेल सेवेचा. पेमेंटच्या बाबतीत तो प्रश्न वाचल्याशिवाय एंटर मारू नका.

आपले दोन-तीन पत्ते असतील तर मटला 'आल्टरनेट्स' या सेटिंगमध्ये ते सांगून ठेवावे लागतात. नाहीतर 'जी' दाबल्यावर आपणच आपल्या उत्तराच्या 'सीसी'त येऊन बसतो. आणि 'बीसीसी'ने आलेल्या मेलला कधीही 'सगळ्यांना' उत्तर देऊ नका. पाठवणाऱ्याने तुम्हाला पडद्याआड ठेवलेलं असतं, तुम्ही स्वतःहून पडदा सारून बाहेर येता.

मेल चुकून तुमच्याकडे आला, खरा अकाउंट्सवाल्यांचा, अशा वेळी 'एफ' दाबून फॉरवर्ड करण्यापेक्षा 'बी' बरं. त्याने मेल जसाच्या तसा पुढे जातो, आणि अकाउंट्सवाल्यांनी 'आर' दाबलं की उत्तर थेट मूळ माणसाला पोहोचतं, मध्ये तुम्ही नाही.

सर्व्हरवर क्रॉनचे, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे, जे मेल साचतात त्यांना उत्तर देण्यात मात्र अर्थ नाही. क्रॉन आपल्या कामाचं आउटपुट मालकाच्या खात्यात टाकतो, इतकंच. उत्तर त्याच यंत्रावर फिरून येतं.

काय ठेवायचं, काय खोडायचं

मूळ मजकूर घेतला की प्रत्येक ओळीआधी '>' लागतो. त्याच्या आतला आणखी जुना मजकूर दोन '>' घेऊन येतो, त्याच्या आतला तीन. ब्राउझरमध्ये हे सगळं तीन ठिपक्यांमागे दडतं, म्हणून कुणी खोडत नाही आणि दहाव्या उत्तराला मेल रामायणाएवढा होतो. टर्मिनलमध्ये ते सगळं डोळ्यांसमोर उभं राहतं. साहजिकच हात खोडायला लागतो. नॅनोमध्ये कंट्रोल-के एकेक ओळ उडवतं.

समजा मुंबईच्या क्लिअरिंग एजंटचा मेल आला. त्याने तीन गोष्टी विचारल्या ('फायटो' म्हणजे माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा दाखला). त्याचं उत्तर असं जातं:

> कंटेनर गुरुवारी लावायचा की शुक्रवारी?

शुक्रवारी, दादा. गुरुवारी माल प्री-कूलिंगला असेल.

> फायटोची कॉपी अजून आली नाही.

सोबत जोडली आहे.

> पॅलेट 20च ना?

हो.

त्याचा 'नमस्कार', मागच्या आठवड्याची हवापाण्याची चर्चा, तीन मोबाइल नंबरची सही, सगळं उडवलं. प्रश्नाखाली उत्तर. आपण फोनवरही असंच बोलतो, एक विचारलं की त्याचं सांगतो. वर 'हो, शुक्रवारी, जोडली आहे' असं एका ओळीत ठोकून दिलं तर वाचणाऱ्याला खाली जाऊन कुठलं 'हो' कशाला ते जुळवत बसावं लागतं. 1995मध्ये इंटरनेटवरच्या शिष्टाचाराचं जे टिपण निघालं त्यातही हेच सुचवलंय: संदर्भ कळेल एवढाच मूळ मजकूर ठेवा. अर्थात साहेबांना एका ओळीचं उत्तर द्यायचं असेल तर उगाच कातरकाम करू नये. वर लिहा आणि मोकळे व्हा.

'सोबत जोडली आहे' लिहून फाइल न जोडणं हा तर राष्ट्रीय छंद. मटमध्ये एक सेटिंग आहे, ती चालू केली की मजकुरात ठराविक शब्द सापडला आणि जोडपत्र नसलं तर ते टोकतं. मुळात ते इंग्रजी 'अटॅच' शोधतं. तिथे 'जोडल' एवढं टाकून ठेवलं की जोडला, जोडली, जोडलं सगळं पकडलं जातं.

मेलएक्समध्ये मूळ मजकूर आपोआप येत नाही. लिहिताना नव्या ओळीच्या सुरुवातीला '~' आणि 'एम' टाइप करून एंटर मारलं की तो आत येतो. '~' आणि 'व्ही'ने एडिटर उघडतो. संपवायला रिकाम्या ओळीवर कंट्रोल-डी. लिहिता लिहिता मन बदललं तर कंट्रोल-सी दोनदा. मग ते अर्धवट पत्र सहसा तुमच्या होम फोल्डरमध्ये 'डेड डॉट लेटर' नावाच्या फाइलीत जाऊन पडतं. मेलेली पत्रं साठवायला वेगळी फाइल, युनिक्सवाल्यांचा विनोद असा.

मराठीत लिहिताना

यूटीएफ-8 ही संगणकात अक्षरं साठवण्याची पद्धत, तिच्यात देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह 3 बाइट घेतं. 'नाशिक' लिहायला न, काना, श, वेलांटी, क अशी 5 चिन्हं लागतात, म्हणजे 15 बाइट. मेलचे हेडर मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बनलेले, म्हणून मराठी विषय पाठवताना तो सांकेतिक रूपात गुंडाळावा लागतो. बेस64 या पद्धतीत बाइट साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत लिहितात, तिच्यात 'नाशिक'ची 20 अक्षरं होतात. कच्चा हेडर उघडून बघितला तर अशा मराठी विषयाचा गुंडाळलेला भाग बहुधा 'चार, के, एस' असा सुरू होतो, कारण आपल्या जवळजवळ सगळ्या स्वर-व्यंजनांचे पहिले दोन बाइट तेच असतात. लॉगमध्ये हे 'चार, के, एस' दिसलं की आतला मजकूर न उलगडताही ओळखावं, विषय देवनागरीत आहे.

मजकुराच्या ओळीलाही मर्यादा आहे, 998 बाइटची. इंग्रजीत ती सहसा आड येत नाही. मराठीत मात्र साधारण 330 चिन्हांतच भरते, आणि एंटर न मारता लिहिलेला परिच्छेद तेवढा सहज होतो. मट अशा वेळी मजकूर आपोआप गुंडाळून पाठवतं, बिघडत काही नाही. पण हाताने ओळी तोडण्याची सवय असलेली बरी, कारण '>' लागलेली लांब ओळ वाचायला त्रास होतो.

टर्मिनलची लोकॅल, म्हणजे भाषा-लिपीची, सेटिंग यूटीएफ-8 नसेल तर सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसतात, ते आधी तपासा. एवढं करूनही बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटतात, वेलांटी सुटी पडते आणि कर्सर एक घर इकडे-तिकडे राहतो. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठराविक रुंदीचं घर देतं, देवनागरी त्या घरांत मावत नाही. मेल जातो बरोबरच, फक्त लिहिताना डोळ्यांना शिक्षा. मोठं मराठी पत्र लिहायचं असेल तर खरं सांगायचं तर टर्मिनलचा हट्ट धरू नका.

गेला का?

उत्तर सुटलं की यादीत मूळ मेलच्या ओळीवर छोटा 'आर' उमटतो. त्याचा अर्थ तुम्ही उत्तर दिलंत, एवढाच. पोहोचलं असा नाही. मट किंवा मेलएक्स हे लिहिण्याचे प्रोग्रॅम आहेत. पत्र नेऊन टाकण्याचं काम बऱ्याचदा सर्व्हरवरचा दुसराच प्रोग्रॅम करतो, पोस्टफिक्ससारखा. तो बंद असेल किंवा त्याचा रस्ता अडलेला असेल तर मेल रांगेत पडून राहतो आणि तुमच्या पडद्यावर कसलीही तक्रार येत नाही. 'मेलक्यू' कमांड ती रांग दाखवते. क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर 25 नंबरचा पोर्ट (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) बहुधा बाहेरच्या दिशेने बंद असतो, तिथे 587 वापरून आपल्या मेल सेवेच्या सर्व्हरमार्फत पाठवावं लागतं. जीमेलचं खातं जोडत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, 2022पासून गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी तो मार्ग बंद केलाय. टू-स्टेप चालू करून 16 अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यायचा. आणि पाठवणाऱ्याच्या जागी 'रूट अ‍ॅट लोकलहोस्ट' असं जात असेल तर ते आधी बदला. ते उत्तर रांगेतून सुटलं तरी समोरच्याच्या स्पॅममध्ये जाण्याचीच शक्यता जास्त.